‘क्या कहना’ आणि ‘सलाम नमस्ते’: दोन्हीकडे प्रीती, दोन्हीकडे सैफ, तरी गोष्ट वेगळी

प्रीती झिंटा, सैफ अली खान आणि लग्नाआधी गेलेले दिवस. एवढ्या तीन खुणांवर लोक दोन चित्रपट एकमेकांत कालवतात. “तो नाही का, ऑस्ट्रेलियातला, ज्यात बाप तिला घराबाहेर काढतो?” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा नीट लिहून ठेवतेच. बाप घराबाहेर काढतो तो ‘क्या कहना’. ऑस्ट्रेलियातला तो ‘सलाम नमस्ते’. पाच वर्षांचं अंतर आहे दोघांत.

‘सलाम नमस्ते’ बहुतेकांना तोंडपाठ असतो, म्हणून भराभर सांगते. 2005 सालचा, यशराजचा, सिद्धार्थ आनंदचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. मेलबर्न शहर. निक शेफ आहे, अंबर रेडिओवर बोलते आणि डॉक्टरकीचं शिकते. दोघं एकत्र राहतात, तिला दिवस जातात, मूल नको म्हणून तो मागे सरतो. बोलणं बंद होतं, पण घराचा करार मोडता येत नाही म्हणून दोघंही त्याच छपराखाली. शेवटी समेट आणि जुळी.

‘क्या कहना’ मे 2000 मधला. दिग्दर्शक कुंदन शाह, म्हणजे ‘जाने भी दो यारो’वाले. कथा हनी इराणींची, तिला फिल्मफेअरही मिळालं. संगीत राजेश रोशन, गीतं मजरूह सुलतानपुरींची. 19 तारखेला चित्रपट लागला आणि 24 तारखेला मजरूह गेले. प्रिया बक्षी नुकती कॉलेजात आलेली पोर, राहुलच्या प्रेमात पडते. तो लग्नाला नकार देतो, ती मूल ठेवायचं ठरवते.

आता जिथे खरी गल्लत होते तिथे येते. दोन्ही चित्रपट ‘बिनलग्नाच्या आईचे’ म्हणून एका खणात टाकले जातात. पण अंबर स्वतः कमावते. घरभाड्यातला तिचा वाटा तिच्याच खिशातून जातो. तिने काय ठरवावं यावर निक रुसेल, ओरडेल, पण तिचं ताट कोणी काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे त्या चित्रपटाचा प्रश्न एवढाच उरतो, की हा माणूस बाप व्हायला तयार होईल का? प्रियाच्या हातात यातलं काहीच नाही. फी बाप भरतो, खोली बापाच्या घरात आहे, सकाळचा चहा आई देते. तिचं गरोदरपण तिचं एकटीचं राहूच शकत नाही, ते लगेच घराचं होतं. म्हणून तिथला पहिला प्रश्न राहुलचा नाहीच. आज रात्री ही पोर झोपणार कुठे, हा आहे.

हे ‘क्या कहना’ने अचूक पकडलंय, आणि माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात मोठं बळ आहे. अनुपम खेरचा बाप लेकीवर जीव टाकणारा आहे, आणि तोच तिला दाराबाहेर करतो. नंतर घर सुनं पडतं, आणि तीच माणसं तिला परत घेऊन येतात. समाजाशी भांडण त्याच्यानंतर. हा क्रम बरोबर आहे. अठराच्या आसपासच्या मुलीला भाषण नंतर लागतं, आधी छप्पर लागतं. फरीदा जलालची आई आणि भाऊ तिच्या पाठीशी उभे राहतात तेव्हा कॉलेजातल्या टोमण्यांची धार बोथट होते, ती यामुळेच.

दुसरं बळ शेवटात आहे. पश्चात्ताप झालेला राहुल लग्नाला तयार होऊन येतो आणि प्रिया त्याला नाही म्हणते. हिंदी चित्रपटात नायक परतला की सगळं माफ, ही रूढ वाट. पाच वर्षांनी आलेला, दिसायला कितीतरी आधुनिक ‘सलाम नमस्ते’ त्याच वाटेने जातो: निकला उपरती होते, अंबर त्याला स्वीकारते. जुना चित्रपट इथे जास्त धीट आहे. हे कोणी म्हणत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण ‘क्या कहना’ला ‘टीनएज प्रेग्नन्सीवरचा चित्रपट’ म्हणून जे कौतुक मिळतं ते मला पटत नाही. एक साधी परीक्षा करून पाहा. प्रियाला अठराऐवजी सव्वीस वर्षांची करा. बापाचा संताप, शेजाऱ्यांची कुजबुज, अब्रूचं बोलणं, जवळजवळ सगळं जसंच्या तसं चालेल. आता उलटं करा. वय अठराच ठेवा आणि गळ्यात मंगळसूत्र घाला. गोष्टच उरणार नाही. कोणी तिला घराबाहेर काढणार नाही, उलट हिरवी साडी नेसवून डोहाळजेवण होईल, बायका ओटी भरतील. म्हणजे चित्रपटाला खुपतं ते तिचं बिनलग्नाचं असणं. तिचं वय त्याला खुपत नाही.

कुमारी माता आणि किशोरवयीन माता हे दोन शब्द आपण एकच समजतो, त्याचा मला खरोखर त्रास होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातली बेणारे कुमारी असून गरोदर आहे, पण ती नोकरी करणारी शिक्षिका आहे, पोर नाही. आणि आपल्या देशात किशोरवयात आई होणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचं लग्न झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 6.8 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्याच सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या 23.3 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. या मुलींवर ‘लोक काय म्हणतील’ची वेळ येत नाही. त्यांना रक्तक्षय होतो, रक्तदाब वाढतो, बाळ कमी वजनाचं होतं, शाळा सुटते. ‘क्या कहना’ला या शरीराच्या गोष्टींशी फारसं देणंघेणं नाही. ‘सलाम नमस्ते’ने निदान अंबरच्या थॅलेसेमियाचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि निकच्या रक्ततपासणीचा धागा तरी गोष्टीत विणला.

कायद्याचंही तसंच. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे 1971 चा. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती पुरते, अठराच्या आतल्या मुलीला पालकांची लेखी संमती लागते. गर्भनिरोधक फसल्याचं कारण मूळ कायद्यात फक्त विवाहितेसाठी होतं, 2021 च्या दुरुस्तीत ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. म्हणजे प्रिया अठराच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर सही कोणाची हे ठरतं. कथा या उंबरठ्यावर थांबतच नाही. मूल ठेवणं हा प्रियाचा हक्क आहे आणि तो तिने बजावला हे मला आवडतं, पण मूल ठेवणारीच मनाची चांगली, असा सूर दोन्ही चित्रपटांत आहे. अंबरही डॉक्टरांच्या दारातूनच मागे फिरते. वेगळा निर्णय घेतलेली मुलगी हे बघताना काय समजेल, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही.

आणि अजय, ‘क्या कहना’तला प्रियाचा मित्र, जिला शेवटी ती निवडते तो. चंद्रचूड सिंगने तो मनापासून केलाय, माणूस म्हणून तो सोन्यासारखा आहे. तरी राहुलला एवढ्या ठामपणे नाकारल्यावर लगेच दुसरा वर हजर असणं मला खटकतं. बापाने परत आणलेल्या मुलीला त्याच घरात, बाळासकट, पुढच्या वर्गात जाताना मला बघायचं होतं.

घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर यातला ‘क्या कहना’ दाखवा, आणि शेजारी बसून बघा. संपल्यावर विचारा: हिचं कॉलेज पुढे कसं होणार? रात्री बाळ रडलं तर कोण उठणार? औषधाचे पैसे कोण देणार? चित्रपटात यांची उत्तरं नाहीत, तेव्हा मुलं स्वतःची उत्तरं देतील.