बदकाच्या तळव्यातला घट्ट पू

मराठवाड्यात हौसेने पाळलेलं बदक बहुधा तळ्यावर नसतं. ते घरामागच्या मोकळ्या जागेत, बोअरच्या पाण्यावर वाढतं. पायाखाली कोबा असतो, शहाबादी फरशी असते, नाहीतर मुरूम टाकलेलं अंगण. दिवसातला बराच वेळ पाण्यात तरंगणाऱ्या पक्ष्याचा हा पाय आहे. तरंगताना तळव्यावर वजन येत नाही. कोरड्यावर ठेवलेल्या बदकाचं सगळं वजन मात्र दिवसभर त्या दोन मऊ गाद्यांवरच पडतं. पांढऱ्या पेकिन बदकाचं वजन 3 ते 4 किलो भरतं, खाकी कॅम्पबेलचं 2 किलोच्या आसपास. त्यामुळे पाय सुजल्याची तक्रार पेकिन पाळणाऱ्यांकडून जास्त येते.

या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. सतत दाब आल्याने तळव्याच्या गादीचा रक्तपुरवठा कमी होतो, वरचे बारीक खवले झिजतात, कातडी गुळगुळीत आणि लालसर दिसू लागते. मग एखादा सराटा, वेड्या बाभळीचा काटा किंवा तुराटीचं खुंट टोचायचं निमित्त पुरतं. त्या छिद्रातून जंतू आत जातात. सगळ्यात जास्त सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो एरवीही कातडीवर आणि घाणीत असतोच. वरचं छिद्र बुजतं, त्यावर काळी खपली धरते आणि आत पू साठत जातो.

उपचारातली प्रत्येक पायरी या पुवाच्या स्वभावावर ठरते. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमधली विकरं (एन्झाइम) मेलेला भाग विरघळवतात. पक्ष्यांच्या त्या कामाच्या पेशींना हेटेरोफिल म्हणतात आणि त्यांच्यात ही विरघळवणारी विकरं फार कमी असतात. म्हणून पक्ष्याचा पू वाहत नाही. तो पिवळट, शिळ्या पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो आणि शरीर त्याच्याभोवती जाड वेष्टन तयार करतं. या गोळ्याला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटातून दिलेलं औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. वरून लावलेलं मलम खपलीवरच राहतं. आणि पिळून काढायला गेलं की गोळा बाहेर येण्याऐवजी वेष्टन आतल्या बाजूला फुटतं, जंतू स्नायुबंधांच्या आवरणात शिरतात आणि एका जागी असलेला त्रास घोट्यापर्यंत चढतो. पाय पिळायचा नाही, हे सगळ्यात आधी मनावर घ्यावं.

घरी किती करायचं, हे पाय बघून ठरवावं. पंजा धुऊन उजेडात धरा. तळवा नुसता लाल आणि गुळगुळीत असेल, किंवा 3-4 मिलिमीटरची खपली असून आजूबाजूला सूज नसेल, तर घरचा उपचार पुरतो. गादी फुगून आत टणक गाठ लागत असेल, तर शेक आणि पट्टी आठवडाभर करून पाहता येते, पण डॉक्टरांना दाखवायची तयारी ठेवावी. सूज बोटांच्या वर किंवा पायाच्या नळीवर चढली असेल, पाय गरम लागत असेल, बदक टेकवतच नसेल, खाणं सोडलं असेल, जखमेला वास येत असेल, तर घरी एक दिवसही घालवू नये. पावसाळ्यात जखमेत माशीच्या अळ्या पडतात, तेव्हाही थेट दवाखानाच.

लंगडणारं प्रत्येक बदक बंबलफूटचं नसतं, तेही तपासावं. तळवा स्वच्छ आहे आणि सांधे सुजलेत, तर मुरगळा, मोडलेलं हाड किंवा युरिक आम्लाचा साठा असू शकतो. पिल्लांमध्ये पाय वाकडे होऊन घोट्याचा सांधा जाडावतो, तो बहुतेक वेळा नायसिनच्या, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाच्या, कमतरतेने. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन बरंच जास्त लागतं, खाद्याच्या किलोमागे साधारण 55 मिलिग्राम. कोंबडीचं खाद्य तसंच दिलं की कमतरता पडते. अशा पिल्लाला पायाच्या शेकाने काही उपयोग होत नाही.

सामान आधी मांडून घ्यावं, कारण बदक हातात धरल्यावर शोधाशोध जमत नाही. एक घमेलं किंवा टब, जुना टॉवेल, रबरी हातमोजे, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), पोव्हिडोन आयोडीन, गॉज, जखमेला न चिकटणारा पॅराफिन गॉज आणि एक इंच रुंदीची स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी. एवढं मेडिकलमध्ये मिळतं. स्वयंपाकघरातलं भांडं किंवा सिंक वापरू नये. हेच जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात.

एक लिटर कोमट पाण्यात 30 ग्राम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, एप्सम सॉल्ट विरघळवा. पाणी 38 ते 40 अंश असावं. कोपर बुडवल्यावर उबदार वाटलं पाहिजे, चटका नको. पाय पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं शेक द्या, दिवसातून दोनदा. जास्त वेळ ठेवल्याने फायदा वाढत नाही, उलट निरोगी कातडी पांढरी पडून सोलते. बदकाला समोर पाणी दिसलं की ते चोच घालणारच, म्हणून डोकं टबाबाहेर राहील असं धरा. हे मीठ पोटात गेलं की जुलाब लागतात. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर करावं. 42 अंशांच्या दुपारी टॉवेलात गुंडाळलेलं बदक धापा टाकतं.

धरण्याची पद्धत सोपी आहे. पंख मिटवून टॉवेलात गुंडाळा, काखेत असं घ्या की डोकं तुमच्या पाठीमागे आणि पाय पुढे येतील. पाय किंवा पंख धरून उचलू नका. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचा भाता हलला तरच हवा आत-बाहेर होते. उताणं फार वेळ ठेवलं तरी श्वास कोंडतो. दोन माणसं असली तर एकाने धरावं, दुसऱ्याने पाय बघावा.

शेकानंतर पाय स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करा. बोटांमधला पडदाही कोरडा करा. पोव्हिडोन आयोडीनचं 5 टक्क्यांचं द्रावण मिळतं. त्यातलं 10 मिलिलिटर 90 मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून फिकट तपकिरी द्रावण करा आणि त्याने तळवा धुवा. बाटलीतलं घट्ट द्रावण रोज जखमेत ओतलं तर नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच. फेस बघून समाधान होतं, पण जखम भरायला उशीर लागतो.

तीन-चार दिवस शेक दिल्यावर खपली कडेने सुटू लागते. ओल्या गॉजने हलकेच गोल चोळल्यावर ती आपोआप आली तर येऊ द्या. पुष्कळदा तिच्यासोबत घट्ट पुवाचा तुकडाही निघतो, कारण तो खपलीच्या खालच्या बाजूला चिकटलेला असतो. ओढावं लागत असेल तर थांबा. ब्लेडने कापण्याचे व्हिडिओ बघून हात घालू नका. तळव्यात रक्तवाहिन्या आणि बोटं वळवणारे स्नायुबंध अगदी जवळजवळ असतात, आणि भूल न देता कापणं हा त्या जिवावर अत्याचार आहे. खपली निघून खड्डा उघडा पडला तर एप्सम सॉल्टचं पाणी थांबवा आणि सलाइनने धुवा. बाटलीतलं नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्राम साधं मीठ घालून गार करून घ्या.

मग मलम. सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा म्युपिरोसिनचा पातळ थर पुरतो, तोही डॉक्टरांना विचारूनच. ट्यूबवरची नावं वाचून घ्या. मेडिकलमधल्या अनेक मिश्र मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. त्याने सूज दिसायला उतरते, पण पक्ष्याची रोगाशी लढण्याची ताकद खचते आणि आतला संसर्ग मोकळा सुटतो. बेन्झोकेन, लिग्नोकेन ही बधिर करणारी औषधंही घरी लावू नयेत, पक्ष्यांना त्यांची थोडीशी मात्राही जास्त होऊ शकते.

गावाकडे काटा मोडला की बिबा लावायची किंवा चुना-गुळाचा लेप द्यायची पद्धत आहे. माणसाच्या जाड टाचेला ती कदाचित सोसत असेल. बदकाच्या तळव्याला बिब्याने फोड येतात आणि चुन्याने भाजतं. हळद-तेलही घट्ट पुवापर्यंत पोचत नाही. शिवाय तेल पोटाच्या पिसांना लागलं की पिसं पाणी धरू लागतात आणि बदक पाण्यात गारठतं.

पट्टी बांधताना कोंबडीची पद्धत चालत नाही. कोंबडीच्या बोटांमधून पट्टी फिरवता येते, बदकाला तिथे पडदा असतो. जखमेवर पॅराफिन गॉज ठेवा, त्यावर साध्या गॉजची चौकोनी घडी. लवचिक पट्टी आधी गुंडाळीतून सैल सोडवून घ्या. मागच्या बोटाच्या वर नळीभोवती एक वेढा देऊन पट्टी पंजावरून तिरकी खाली आणा, तळव्याखालून घ्या आणि दुसऱ्या बाजूने परत नळीकडे न्या. असे दोन-तीन फेरे पुरेत. पडदा चुरगळून गोळा होता कामा नये. गाठ मोठी असेल तर गॉजच्या घडीऐवजी मऊ फोमचं मधे भोक पाडलेलं कडं ठेवावं, म्हणजे वजन गाठीवर न येता भोवतीच्या भागावर येतं. तासाभराने बोटं बघा. गार, सुजलेली किंवा निळसर दिसली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच काढा. ओली झालेली पट्टी दिवसभर ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी. एरवी रोज बदलावी.

या काळात पोहणं बंद ठेवावं किंवा पट्टी बदलायच्या आधी 10-15 मिनिटं स्वच्छ पाण्यात सोडावं. पिण्याचं भांडं मात्र 12 ते 15 सेंटिमीटर खोल हवंच. डोळे आणि नाकपुड्या बुडवून धुता आल्या नाहीत तर त्यांचं वेगळं दुखणं सुरू होतं. आजारी बदक एकटं कोंडलं की खात नाही. जाळीपलीकडे सोबती दिसेल अशी जागा द्या.

दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. डायक्लोफिनॅकने पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं संपत आली ती याच औषधामुळे, आणि 2006 साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. 2023 मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही तशीच बंदी आली. दवाखान्यात पक्ष्यांना सहसा मेलॉक्सिकॅम देतात, तेही वजन करून. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही स्वतःहून देऊ नका. डॉक्टर गरज पडली तर गाठीतला नमुना तपासून कोणतं औषध लागू पडेल ते ठरवतात आणि भूल देऊन गोळा वेष्टनासकट काढतात. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, पक्ष्यांवर शस्त्रक्रिया तिथे नेहमी होईलच असं नाही. परभणी आणि उदगीरला शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, अवघड पाय तिकडे न्यावा. चालढकल महागात पडते. जंतू हाडात शिरले की पाय वाचणं कठीण होतं, आणि बदकांमध्ये महिनोन्महिने चाललेल्या दाहाने यकृत व मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, जे नंतर निघत नाही.

पाय बरा झाला आणि बदक पुन्हा त्याच कोब्यावर सोडलं तर खपली परत धरते. बसण्याच्या जागी 10 सेंटिमीटर जाड गव्हाचं काड किंवा साळीचं तूस अंथरा. सोयाबीनचं भुसकट टोचरं असतं, ते नको. बुरशी आलेलं काड फुप्फुसाला घातक. ओला भाग रोज काढावा. अंथरुणावर चुन्याची भुकटी टाकायची सवय काहींना असते, पण ओल्या पायांना ती भाजते. फरशीवर जाड रबरी मॅट टाकली तरी बराच फरक पडतो. पाण्यासाठी 30 ते 40 सेंटिमीटर खोल टाकी असावी, म्हणजे पाय तळाला न टेकता बदक तरंगेल. आत-बाहेर करायला खरखरीत नसलेला उतार ठेवा, कारण काठावरून धपकन उडी मारण्यानेही तळवा फुटतो. विष्ठेने हिरवं झालेलं पाणी बदलावं. पाण्याची ओढाताण असेल तिथे टाकी लहान ठेवा आणि उपसलेलं पाणी शेवग्याला, पपईला सोडा, त्यात खत असतंच.

खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी आणि कमकुवत होते. शेवग्याचा पाला, मेथी, लसूण घास, किसलेला लाल भोपळा किंवा गाजर रोज मूठभर द्यावं. ब्रॉयलरचं खाद्य आणि पाव बंद करावा, त्याने नुसतं वजन वाढतं.

उपचार चालू असताना दुसरा पायही रोज तपासा. लंगडणारं बदक सगळा भार चांगल्या पायावर टाकतं आणि दोन-तीन आठवड्यांत तिथेही लाल चट्टा उमटतो. तो दिसताच शेक आणि मऊ अंथरूण दोन्ही पायांना. पोटातून औषध सुरू असेपर्यंत, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, त्या बदकाची अंडी खाऊ नका आणि कोणाला देऊही नका.