कोकणातल्या धंद्यात एआयचा वापर

कोकणातल्या रोजच्या धंद्यात एआयचा वापर म्हणजे आंबा, काजू, मासळी, होमस्टे, खानावळ असल्या छोट्या-मध्यम व्यवसायांत लिहिणं, हिशोब, कस्टमरला उत्तरं देणं, जाहिरात आणि मालाची प्रतवारी ही कामं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेणं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत हे बहुतेक सगळं मोबाइलवरच चालतं, वेगळं ऑफिस, कॉम्प्युटर, आयटीवाला माणूस असला थाट कोणाकडे नसतो. धंद्याचा गाभा, म्हणजे माल ओळखणं, दर ठरवणं, समुद्र बघून होडी काढायची की नाही ते ठरवणं, हे एआयकडे गेलेलं नाही. गेलंय ते भोवतीचं कागदी काम. आणि ते इथे कायम तुंबायचं, कारण एप्रिल-मे मध्ये आंबा, पर्यटक, लग्नं आणि मुंबईहून आलेले पाहुणे सगळे एकदमच अंगावर येतात, तेव्हा वही कोण लिहिणार आणि मेसेजला उत्तर कोण देणार.

आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून रूढ झालं, पण त्याचं इथल्या माणसाला काही घेणंदेणं नव्हतं. फरक पडला तो ३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआयने चॅटजीपीटी सगळ्यांना खुलं केलं तेव्हापासून. गूगलचं बार्ड २०२३ मध्ये आलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं जेमिनी झालं, आणि जून २०२४ मध्ये मेटा एआय भारतात थेट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये येऊन बसलं. कोकणाच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण ऑर्डर, फोटो, पेमेंटचा स्क्रीनशॉट, भांडण, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं, नवीन अ‍ॅप टाका म्हटलं की निम्मे लोक तिथेच गळतात.

ही साधनं म्हणजे भाषेची मॉडेलं. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत जातात. त्यामुळे वाक्य सफाईदार येतं, पण आज वाशी मार्केटला आंब्याची पेटी कितीला गेली ते त्याला आपोआप माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हणून ते गप्पही बसत नाही. नवीन लागलेला कारकून असतो ना, अक्षर सुंदर पण बाजारात कधी पाय न ठेवलेला, तसं धरून चालावं.

होमस्टे आणि खानावळी

सगळ्यात जास्त वापर पर्यटनात होतो. अलिबाग, दिवेआगर, गुहागर, मालवण, तारकर्ली, कुठेही जा, कस्टमरचे प्रश्न तेच असतात. रूम आहे का, समुद्र किती लांब, मासे मिळतील ना, एक्स्ट्रा गादीचे किती, स्कूबाचं बुकिंग तुम्ही करून देता का. एकेकाला टाइप करत बसलं तर स्वयंपाकघरातलं वाटण तसंच राहतं. म्हणून आता वहिनी लोक एकदाच बसून एआयला असं काहीतरी सांगतात:

«तारकर्लीला आमच्या चार खोल्या आहेत, दोन एसी. चेक-इन बाराला. जेवण घरचं, मासे त्या दिवशी मिळतील ते, सुरमई-पापलेट असेलच असं नाही. सोमवारी नॉनव्हेज नाही. घरात कुत्रा आहे. यावरून कस्टमरला मराठी आणि हिंदीत उत्तर लिहून दे, गोडगोड नको, दहा ओळींच्या वर नको.»

यातला सोमवार आणि कुत्रा हेच खरं कामाचं. नुसतं ‘माझ्या होमस्टेची माहिती लिही’ म्हटलं तर निसर्गाच्या कुशीत, अविस्मरणीय अनुभव, कोकणी पाहुणचाराचा गोडवा असला पाणचट मजकूर येतो जो श्रीवर्धनला चालेल, वेंगुर्ल्याला चालेल आणि खरं तर केरळातही चालेल. बारीकसारीक माहिती दिली की उत्तर कामाचं होतं, आणि सोमवारी सकाळी ‘हे आधी का नाही सांगितलंत’ हा वाद टळतो.

चुकतं कुठे, तर तारखेत आणि हंगामात. जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडी मिळेल का विचारा, एआय कधीकधी आनंदाने हो म्हणतं, वेळही सांगतं. पावसाळ्यात मालवणची होडी वाहतूक बंद असते, स्कूबाही बंद. टॅक्सचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वजा करून घेता येत नाही. जुनी माहिती वाचून तयार झालेलं मॉडेल अजून १२ टक्केच सांगू शकतं, आणि सांगतं एवढ्या ठामपणे की माणूस बिलावर छापूनच टाकतो. आणि मुळात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही, हे विचारल्याशिवाय ते स्वतःहून सांगेलच असं नाही. सीएला फोन करावा, तो ओळखीतला असतोच.

आंबा

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठराविक भागातल्याच मालाला लावता येईल अशी मान्यता, मिळालं, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. तेव्हापासून थेट घरपोच विक्री करणारे बागायतदार आपला आंबा खरा कसा हे कस्टमरला समजावून सांगत असतात, आणि हे समजावणं लिहून द्यायला एआय बरं पडतं. पोस्टर मात्र जपून. फोटो बनवणारं एआय हापूस म्हणून लालबुंद गालाचा कुठलातरी परदेशी आंबा काढतं आणि देवगडच्या नावाखाली तो गेला तर हसं होतं. वर देवनागरी जोडाक्षरं मोडतात, ‘रत्नागिरी’तला त्न जागेवर येईल याची खात्री नाही. आपल्या बागेतला फोटो काढावा आणि एआयकडून फक्त मजकूर घ्यावा, हेच बरं.

खरा उपयोग पट्टीत, म्हणजे माल विकून दलाल जो हिशोबाचा कागद देतो त्यात. दलालाकडून आलेल्या पट्ट्या खिशात, गाडीच्या डॅशबोर्डवर, देवघरात कुठेही पडलेल्या असतात. त्यांचे फोटो टाकून तारीख, पेट्या, डझन, दर, गाडीभाडं, हमाली, हातात पडलेली रक्कम असा तक्ता मागितला की दोन मिनिटांत मिळतो, पुढे तो एक्सेलमध्ये टाकून कुठल्या आठवड्यात कुठल्या मार्केटला बरा दर पडला ते बघता येतं. फक्त हाताने लिहिलेला १ आणि ९, ५ आणि ६ यात घोळ होतो, पट्टीवर चहाचा डाग असेल तर विचारूच नका. म्हणून तक्त्यातली बेरीज आणि पट्टीच्या तळाची रक्कम जुळते का ते आधी बघायचं, नाही जुळली की चूक कुठल्या ओळीत आहे ते पटकन सापडतं.

मोहोराचा फोटो टाकून कीड-रोग कुठला, तुडतुडे आहेत की थ्रिप्स की करपा, हेही लोक विचारतात. ओळखायला मदत होते, पण औषधाचं प्रमाण त्याच्याकडून घेऊ नये, ते डब्याच्या लेबलवरून आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकावरूनच घ्यावं. आणि साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष? तो फळ कापल्याशिवाय दिसत नाही, बाहेरून आंबा अगदी देखणा असतो, त्यामुळे मोबाइलच्या फोटोवरून साका सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

काजू आणि मासळी

चॅटिंगवालं एआय सोडून दुसरा प्रकार काजू कारखान्यात दिसतो. सोललेला गर मशीनमधून घसरत येतो, कॅमेरा प्रत्येक गराचा फोटो घेतो, डागी किंवा करपलेला दिसला की हवेचा झोत मारून बाजूला उडवतो. जुनी मशीनं फक्त रंग बघायची, नवीन मशीनं नमुन्याचे फोटो दाखवून शिकवता येतात. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे ग्रेड म्हणजे एका पाउंडात साधारण किती गर बसतात त्याचा आकडा, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. हे काम पूर्वीपासून बायका बसून करत आल्या आणि लहान कारखान्यांत अजून त्याच करतात, कारण मशीन परवडायला मालही तेवढा लागतो. मशीन आलं की किती हात कमी होणार हा प्रश्न वेंगुर्ला-सावंतवाडीकडे विचारायलाच हवा, माहितीपत्रकात तो नसतो.

मासेमारीत एआयचा गवगवा जास्त, वापर कमी. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठे असण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते, तो चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदीच असते, तेव्हा त्याचा प्रश्न येत नाही. हर्णैच्या लिलावात तर एआयला जागाच नाही, तिथे टोपलीकडे बघून काही क्षणांत बोली लागते. लिलावानंतर मात्र डिझेलचा खर्च, बर्फ, खलाशांची उचल आणि वाटणी याचा हिशोब बोलून टाइप करणारे आता दिसायला लागलेत. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत भराभर बोललं की व्हॉइस टायपिंग गडबडतं, मग मंडळी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं शुद्ध बोलतात आणि घरचे हसतात.

सरकारी बाजू

२०२५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने मार्वल या सरकारी कंपनीच्या मदतीने कारभारात एआय वापरायला घेतलं आणि देशातला पहिला एआय जिल्हा म्हणून त्याची बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत एआय वापरण्यासाठीचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी, सुरुवातीची तरतूद ५०० कोटी.

जपायचं काय

होमस्टेवाल्यांकडे पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो असतात. ते ‘यातून नावांची यादी काढ’ म्हणून एआयमध्ये टाकणं हा सरळसरळ गाढवपणा आहे, लोकांच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे आणि कायदा नसता तरी ती कागदपत्रं आपली नाहीत. बँकेचे नंबर, ओटीपी यांच्याबाबतही तेच. फुकटच्या प्लॅनला दिवसाची मर्यादा असते हेही लक्षात ठेवावं, ऐन सीझनमध्ये ती दुपारीच संपते, आणि पहिल्या पावसात लाइट गेली की टॉवरही जातो, म्हणून तयार उत्तरं फोनमध्ये सेव्ह केलेली बरी.

बऱ्याच घरांत तर हे सगळं गावात बसून होतच नाही. बाग बाबांची, पेट्या भरतात काका, आणि ठाण्या-डोंबिवलीला असलेला मुलगा किंवा सून लोकलमध्ये उभ्याउभ्या एआयकडून ऑर्डरच्या मेसेजांची यादी करून घेतात, नाव, पत्ता, पिनकोड, किती डझन, पैसे आले की नाही. रात्री ती यादी फॅमिली ग्रुपवर पडते आणि सकाळी तिच्याच हिशोबाने पेट्या बांधल्या जातात, मधेच बाबांचा फोन येतो की पाच डझनचं काही सांगू नकोस, आज झाडावरून तेवढे उतरलेच नाहीत, आणि यादी परत करावी लागते.