अंगण, हौद आणि कोर्सी: इराणी मिनिएचर देखाव्यांची पार्श्वभूमी

इन्स्टाग्रामवर इराणी मिनिएचरवाल्यांचे दोनचार व्हिडिओ बघितलेत की मग अल्गोरिदम तुम्हाला सोडतच नाही. मातीच्या भिंतींचं अंगण, मधोमध निळा हौद, हौदात गार व्हायला सोडलेलं नखाएवढं कलिंगड, कडेने जिरेनियमच्या लाल कुंड्या, लाकडी तख्तावर गालिचा आणि त्यावर समोवार (चहाचं पाणी उकळायचं धातूचं भांडं), बाजूला कंबर बारीक असलेले चहाचे पेले, हे सगळं मिळून एका ट्रेमध्ये बसेल एवढं. खाली कमेंटमध्ये लोक फारसीत हळहळत असतात, आजीचं घर अस्संच होतं वगैरे. आपल्याकडे घरच्या गणपतीपुढे देखावा करतात ना, तसलाच प्रकार म्हणा, फक्त मखरात देवाऐवजी आजीचं अंगण बसवलेलं.

बऱ्याच जणांना वाटतं की हे लॉकडाऊनमध्ये सुरू झालेलं फॅड आहे किंवा पाश्चात्य डॉलहाऊसची कॉपी आहे. स्केल तिकडून आलं हे खरं, एक फुटाला एक इंच म्हणजे एकास बारा हे डॉलहाऊसवाल्यांचं ठरलेलं माप, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी करवून घेतलेल्या ६८ खोल्या आहेत त्याही बहुतेक याच मापातल्या. पण घर छोटं करून त्यात माणसं बसवायची हौस इराणात फार म्हणजे फारच जुनी आहे.

किती जुनी, तर पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये सुसा शहरात सापडलेला एक कांस्याचा तुकडा आहे, इसवी सन पूर्व बाराव्या शतकातला, साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचा पाट आणि त्यावर दोन उघडी माणसं समोरासमोर उकिडवी बसलेली, एक जण दुसऱ्याच्या हातावर पाणी घालतोय, आजूबाजूला पायऱ्यापायऱ्यांची देवळं, झाडं, मोठा रांजण. एलाम या तिथल्या प्राचीन राज्याचा राजा शिल्हाक-इन्शुशिनाक याने त्यावर कोरून ठेवलंय की मी हा कांस्याचा सूर्योदय केला. म्हणजे पहाटेचा एक विधी, एक क्षण, जसाच्या तसा धरून ठेवायचा प्रयत्न. डायोरामा म्हणजे छोटी प्रतिकृती मांडून उभा केलेला देखावा, तो तरी दुसरं काय असतो. अर्थात एलामाइट लोक म्हणजे पर्शियन नव्हेत, ते त्यांच्याही आधीचे, त्यामुळे इथपासून आजच्या इन्स्टाग्रामपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह मी तरी टाळतो.

खरी मजा सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळातल्या मातीच्या घरांमध्ये आहे. बाराव्या-तेराव्या शतकात इराणातल्या कुंभारांनी वीतभर आकाराची, वरून छप्पर नसलेली घरं केली, त्यावर फिरोजी किंवा दुसरी चकचकीत झिलई चढवली आणि आत भिंतींना टेकून छोटी छोटी माणसं बसवली. काहींमध्ये मधे खाण्यापिण्याची भांडी मांडलेली आहेत, काहींमध्ये वादक दिसतात, एकूण मेजवानीचा माहोल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असं एक घर आहे, फोटो झूम करून बघाल तर माणसांचे चेहरे म्हणजे मातीचा गोळा चिमटीत दाबून काढलेलं नाक आणि काम संपलं. बारीक कारागिरी अजिबात नाही, आणि तरीही बघताक्षणी कळतं की इथे पाहुणे आलेत, कार्यक्रम चाललाय. ही घरं कशासाठी केली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कुणी म्हणतं लग्नातली भेट, कुणी नवरोजशी म्हणजे इराणी नववर्षाशी संबंध जोडतं. मला स्वतःला लग्नाची थिअरी जास्त पटते, नव्या जोडप्याला भरल्या घराची खेळण्यासारखी प्रतिकृती द्यायची ही कल्पनाच गोड आहे. पण गोड आहे म्हणून खरी ठरत नाही, ते असो.

पुढे हीच नजर चित्रात दिसते. फारसी लघुचित्रांमध्ये घराची एक भिंत काढून टाकल्यासारखं आतलं सगळं एकदम दाखवतात, खोली, जिना, गच्ची, अंगण, सगळं एकाच पानावर. बेहजाद या चित्रकाराने १४८८ च्या बोस्तानच्या (सादी या कवीच्या काव्याच्या) हस्तलिखितात युसुफ आणि जुलैखाचा जो महाल काढलाय तो बघा, जिने आणि बंद दारं यांचा नुसता भूलभुलैया, आज एखाद्या माकेतवाल्याने (तिकडे मॉडेलला माकेत म्हणतात) तो उभा करायचा म्हटलं तर नकाशा जवळपास तयारच आहे.

कजार घराण्याच्या काळात (एकोणिसावं शतक ते विसाव्याची सुरुवात) रस्त्यावर एक नवीनच चीज आली, शहर-ए-फरंग. घुमट आणि मिनार असलेल्या महालासारखी सजवलेली पत्र्याची पेटी, पुढे भिंगं लावलेली भोकं, आत एकामागून एक सरकणारी चित्रं आणि बाहेर उभा राहून ओरडून ओरडून वर्णन करणारा पेटीवाला. आपल्याकडच्या जत्रेतल्या बायोस्कोपची ही सख्खी बहीण. पोरंटोरं डोळा लावून परदेशातली शहरं बघायची, नावातच फिरंग्यांचं शहर आहे. आता गंमत बघा, शंभर-सव्वाशे वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये बसलेला इराणी माणूस अशाच एका पेटीत डोळा घालून तेहरानची गल्ली बघतो. पेटी तीच, दिशा उलटी.

ही दिशा उलटी कशी झाली ते समजायला विसाव्या शतकात यायला लागतं. १८७० च्या दशकात तेहरानभोवती नवी तटबंदी झाली होती, बारा दरवाजे, त्यावर रंगीत फरश्यांची कामं. १९३० च्या दशकात रजा शाहच्या राजवटीत हे दरवाजे पाडले गेले, जुन्या मोहल्ल्यांतून सरळसोट रुंद रस्ते काढले, गाड्या जायला हव्यात ना. आणि नेमक्या त्याच दशकात तेहरानमध्ये लोकजीवनाचं म्युझियमसुद्धा उभं राहिलं, सादेक हेदायतसारखा लेखक लोकांच्या चालीरीती, समजुती, तोडगे गोळा करून १९३३ मध्ये छापत होता. एका हाताने पाडायचं आणि दुसऱ्या हाताने काचेत ठेवायचं, हे एकाच वेळी चाललं होतं. पुढे ते म्युझियम गोलेस्तान राजवाड्याच्या आवारात गेलं, वेगवेगळ्या प्रांतांच्या पोशाखातले पुतळे वगैरे. केरमानच्या गंजअली खान हमामातही मेणाचे पुतळे बसवले, हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, हे सफवी घराण्याच्या काळातलं (सतरावं शतक), कुणी अंग चोळून घेतंय, कुणी केस कापून घेतंय, अख्खा हमामच एक माणसाच्या उंचीचा डायोरामा झाला. आजच्या मिनिएचरवाल्यांना हमामाचा देखावा इतका का आवडतो याचं उत्तर बहुतेक इथे आहे, शाळेच्या सहलीत हे पुतळे बघितलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत.

१९६० च्या दशकात रेडिओ इराणवर अंजवी शिराजी यांचा लोकसंस्कृतीचा कार्यक्रम लागायचा. ते श्रोत्यांना सांगायचे, तुमच्या गावात यल्दाची म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रीची रीत कशी असते, कुठले खेळ खेळतात, लिहून पाठवा. आणि गावोगावहून खरंच पत्रं आली, ढिगाने. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं, कारण आठवण जपणं हे तोपर्यंत विद्वानांचं काम होतं, इथे ते शिक्षक, शेतकरी, शाळकरी पोरं करायला लागली. आजचे हौशी कलाकार मला याच पत्रं लिहिणाऱ्यांचे वारसदार वाटतात.

तोपर्यंत तेलाचा पैसा आला होता आणि शहर फुगत होतं. १९५६ च्या जनगणनेत तेहरानची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती, २०१६ मध्ये ती ८७ लाखांच्या घरात गेली. एवढी माणसं अंगणाच्या घरात मावणार कशी. मग बांधा आणि विका हा धंदा सुरू झाला, वाड्यांच्या जागी टॉवर, आपल्या पुण्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. हौद गेला, तळघरातला गारवा गेला, बाहेरच्या पाहुण्यांचा बिरूनी आणि घरच्या बायकांचा अंदरूनी असे दोन भाग गेले, दारावरची दोन वेगळ्या आवाजांची कडी-टकटकी गेली (एक पुरुषांनी वाजवायची, एक बायकांनी, म्हणजे कोण आलंय ते आतूनच कळायचं). मुख्य म्हणजे कोर्सी गेली. कोर्सी म्हणजे बुटकं चौकोनी टेबल, खाली राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी, वरून भलीमोठी गोधडी, आणि घरातले सगळे चारी बाजूंनी पाय आत घालून बसलेले. हिवाळाभर जेवण, अभ्यास, भांडण, झोप सगळं तिथेच. यल्दाच्या रात्री त्यावर डाळिंबं आणि कलिंगड मांडायचं आणि कवी हाफिजचा दीवान म्हणजे काव्यसंग्रह उघडायचा. आधी रॉकेलचे हीटर आले, मग गॅस, आणि घरातली माणसं आपापल्या खोल्यांत पांगली.

मग १९७९ ची क्रांती, १९८० ते ८८ इराकशी युद्ध, आणि लाखो लोक देश सोडून गेले. सुटकेसमध्ये फोटो, दागिने, फार तर एखादा छोटा गालिचा मावतो, अंगण मावत नाही. परदेशात इराणी मुलांना नवरोजची हफ्त-सीन (‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तूंची मांडणी) मांडून दाखवता येते, पण घरात हौद कुठे होता आणि त्यात आंघोळ केली म्हणून आजी कशी ओरडायची हे हातवारे करून किती सांगणार. तिथे मॉडेल कामाला येतं. देशात राहिलेल्यांचंही तेच, त्यांचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर पाडलं गेलं, त्यामुळे परक्या शहरात राहिल्यासारखं वाटायला त्यांना विमानात बसावंच लागलं नाही.

आता करतात कसं ते थोडं सांगतो कारण सगळी जादू तिथेच आहे. भिंतीला जुन्या घरांसारखाच काहगिल म्हणजे माती आणि गवताच्या काडीचा गिलावा देतात, फक्त स्केल सांभाळायला गवत इतकं बारीक करावं लागतं की चहाच्या गाळणीतून चाळता यावं, नाहीतर एकास बाराच्या भिंतीतून बांबू बाहेर आल्यासारखे दिसतात. पावसानंतर काहगिलाला येणारा वास हा इराणी माणसाचा हळवा कोपरा, आणि मॉडेलवर पाण्याचा फवारा मारला की तो वास खरंच येतो, मातीच आहे ना ती. समोवारसाठी मणी, कानातल्याचे तुकडे, पेनाची टोपी. संगक रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात म्हणून तिला खळगे असतात, ते पॉलिमर क्लेवर टोचून टोचून काढायचे आणि मग कडेला तपकिरी खडू घासायचा. हौदातलं पाणी रेझिनचं, आणि ओतताना एक बुडबुडा राहिला तर मेहनत वाया. सगळ्यात किचकट म्हणजे ओरोसी, वर सरकणारी लाकडी जाळीची खिडकी, रंगीत काचांची, मूळ कारागीर तर खिळा न वापरता तुकड्यात तुकडा अडकवायचे. छोट्या मॉडेलात लेझर कटिंगशिवाय हे करणारे लोक विरळाच, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, दिवा लावल्यावर गालिच्यावर लाल-निळा उजेड पडला म्हणजे झालं.

विषय मात्र हळूहळू बदलतायत. १९८० च्या दशकात वाढलेली पिढी आता चाळिशीत आहे आणि तिचं बालपण हौदाच्या घरात गेलेलंच नाही, ते गेलं छोट्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे आता देखाव्यात अलाउद्दीन नावाचा रॉकेलचा हीटर दिसतो, रेशनची कुपनं दिसतात, १९६७ पासून रस्त्यावर असलेली पैकान गाडी दिसते, आणि खिडकीच्या काचांवर फुलीसारखी चिकटपट्टी, बॉम्ब पडला तर काच उडू नये म्हणून लावलेली. मला ही नवी कामं जास्त आवडतात. कलिंगडाचा हौद सुंदर असतो पण शंभरावा हौद बघताना तो कॅलेंडरवरचा फोटो वाटायला लागतो, चिकटपट्टीच्या खिडकीत निदान भीती तरी शिल्लक आहे.

कारण या देखाव्यांचा दोष हाच की ते फार स्वच्छ असतात. अंगणाच्या कोपऱ्यातला संडास कुणी करत नाही. भल्या थंडीत हौदाचं गार पाणी घेऊन कपडे धुणारी बाई दिसत नाही, कोर्सीखालच्या कोळशाच्या धुराने माणसं दगावायची तेही नाही. आणि घर कुणाचं, हा प्रश्न तर पडतच नाही. बहुतेक मॉडेलं काशान-यझ्दच्या धनिक व्यापाऱ्यांच्या वाड्यांवरून केलेली असतात, बोरुजर्दी हाऊससारख्या, जे मुळात एकोणिसाव्या शतकात बांधलेले श्रीमंतांचे महाल. सगळ्यांच्या आज्या तिथे राहत नव्हत्या.

इथे मुंबईचा संबंध येतो. आपल्या इराणी हॉटेलवाल्यांचे पूर्वज बरेचसे यझ्द आणि केरमानकडचे झोरोस्ट्रियन (पारशांच्याच धर्माचे), एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इकडे आलेले. यझ्दचा देखावा म्हटला की सगळे आधी बादगीर करतात, वारा खाली ओढून घेणारा तो उंच मनोरा, २०१७ मध्ये युनेस्कोने जुन्या यझ्दला वारसा यादीत घेतलं तेव्हाही सगळीकडे त्याचेच फोटो होते. पण एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिथल्या झोरोस्ट्रियन लोकांना घरावर बादगीर बांधायलाच मनाई होती, वरचा मजला नाही, आणि भिंत इतकी बुटकी ठेवायची की मुसलमान शेजाऱ्याने हात वर केला तर तो भिंतीच्या माथ्याला लागावा. वर जिझिया कर, जो मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये पाठवलेल्या मानेकजी लिमजी हातारिया यांनी वर्षानुवर्षं खटपट केल्यावर १८८२ मध्ये रद्द झाला. उन्हाळ्यात वाळवंटातल्या त्या बिनबादगीरच्या, बुटक्या भिंतींच्या घरात काय होत असेल ते सोडून लोक मुंबईला आले आणि ब्रून मस्का विकायला लागले. तसलं घर कुणी एकास बारामध्ये केलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही, कुणाला दिसलं तर लिंक नक्की पाठवा.