गळती ज्याला ऐकू येते त्याला कोणी विचारतं का?

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकची चटई, पीव्हीसी पाइप, डाळ मिल अशी छोटी युनिटं भरपूर, आणि पर्यावरणाचा विषय निघाला की तिथे बोलणं लगेच सोलर नाहीतर नवीन मशीनवर जातं. माणसांवर कोणी बोलतच नाही. मला तर वाटतं खरी गोम तिथंच आहे.

हवा दाबून मशीनला पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचंच घ्या. ७ बार प्रेशरच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक पडलं तर नुसती गळणारी हवा भरून काढायला साधारण ३ किलोवॅट वीज लागते, म्हणजे १० तासांच्या शिफ्टला ३० युनिट, तेही रोज. ती फुसफुस सगळ्यात आधी ऐकू येते मशीनवरच्या माणसाला. पण त्याची मजुरी नगावर असेल तर तो मशीन थांबवून कशाला सांगेल, नुकसान त्याचंच ना!

कामगारांचं ट्रेनिंग, मजुरी, बोनस हे सगळं पर्यावरणाचा विचार करून ठरवायचं, याला मॅनेजमेंटवाले ग्रीन एचआरएम म्हणतात. २०१३ मध्ये डग्लस रेनविक आणि सहकाऱ्यांनी यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यातली मांडणी सोपी आहे: कामगाराला ते जमतं का, करावंसं वाटतं का, आणि करायची मोकळीक आहे का. यातलं बरंचसं संशोधन प्रश्नावल्या भरून घेऊन झालेलं आहे, म्हणजे लोकांनी स्वतःच सांगितलेलं, त्यामुळे अशा उपायांचा आणि पर्यावरणाच्या फायद्याचा संबंध दिसतो पण कशामुळे काय झालं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मीटरचं रीडिंग जास्त खरं.

छोट्या कारखान्यात एचआर डिपार्टमेंट कुठलं, शेठच सगळं बघतात, आणि हे चांगलंच आहे कारण त्यांचा शब्द थेट मशीनपर्यंत पोचतो. सकाळी "काल माल किती निघाला" यासोबत "भंगार किती" एवढं रोज विचारलं तरी सुपरवायझर वजन लिहून ठेवायला लागेल. चटईच्या कामात तर रंगाप्रमाणे कटिंग वेगळं ठेवलं की ते दळून परत त्याच रंगात वापरता येतं, एकदा मिसळलं की मग गडद नाहीतर काळा माल. हे वेगळं ठेवणारा असतो झाडू मारणारा, सगळ्यात कमी पगाराचा, आणि ट्रेनिंगला त्याला कोणी बसवत नाही. भिंतीवर इंग्लिश पोस्टर लावण्यापेक्षा त्याला मशीनजवळ उभं करून अहिराणीत नाहीतर लेवा बोलीत समजावा.

आणि दिवाळी बोनसचा थोडा भाग टनभर मालामागे विजेचे किती युनिट लागले यावर ठेवा, आकडा दर महिन्याला फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असा.