जुन्या खुर्च्या, फूटस्टुलं आणि पाट जमवणं (मुंबई)

घरात वापरायला किंवा नुसतं मांडून ठेवायला जुन्या बैठकीच्या वस्तू शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि जमवायच्या, असा हा छंद. यात पाट, चौरंग, फूटस्टूल (खुर्चीवर बसून पाय टेकवायचं छोटं स्टूल), इराण्याकडच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लांब हातांच्या आरामखुर्च्या, शिसवी कोच असं सगळंच येतं. बाजारात सरसकट सगळ्याला 'अँटिक' म्हणतात, पण कायद्याच्या हिशेबात 100 वर्षं भरल्याशिवाय कुठली खुर्ची अँटिक होत नाही, त्यामुळे मुंबईत जे विकलं जातं त्यातलं बरंचसं फार तर 'विंटेज'. इथे मोठ्या कोचापेक्षा फूटस्टूल आणि सुटी खुर्ची जास्त जमवली जाते, कारण उघड आहे, लिफ्टमध्ये मावते आणि पलंगाखाली सरकते.

शब्दांबद्दल

'पाट' संस्कृत 'पट्ट'वरून आला आणि 'चौरंग' 'चतुरंग'वरून, यावर फारसा वाद नाही. 'खुर्ची' अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आली, हेही बहुतेकांना मान्य. भांडण आहे ते 'बाक' या शब्दाचं. एक मत असं की हा इंग्रजी 'बेंच'चा अपभ्रंश, दुसरं असं की मूळ पोर्तुगीज 'बांकु', आणि काहीजण तो 'वाकणे', 'बाक येणे' यातल्या मराठी शब्दाशी जोडतात. तिसरं मत अर्थानेच अडतं, कारण बाकाचा गुण सरळ असणं हा आहे, वाकणं नव्हे. इंग्रजीवरून आला म्हणावं तर 'च'चा 'क' कसा झाला ते सांगावं लागतं, आणि कोकणीत 'बांक' शब्द अनुस्वारासकट आहेच, वसईलाही पोर्तुगीज 1739 पर्यंत होते, त्यामुळे पोर्तुगीज मूळच जास्त पटतं. फूटस्टुलासाठी जुना शब्द 'पादपीठ'. पाय खाली सोडून बसलेल्या, म्हणजे प्रलंबपादासनातल्या बुद्धमूर्तींच्या पायाखाली कमळ नाहीतर पादपीठ बऱ्याचदा दिसतं, बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत असे बुद्ध बघायला मिळतात. म्हणजे वस्तू जुनीच, पण आपल्या घरात मांडी घालून पाटावर बसणाऱ्यांना पायाखाली वेगळं काही लागायचंच नाही. फूटस्टूल आलं ते उंच खुर्चीच्या मागून.

शिसवी फर्निचर

19 व्या शतकात मुंबईत शिसवीचं दाट कोरीवकाम केलेलं फर्निचर बनायचं, युरोपियन आणि पारशी घरांत ते खूप असायचं. पानं, फुलं, वेली, आणि कुठेही सपाट जागा शिल्लक नाही, त्यामुळे धूळ पुसायला ब्रश लागतो. या शैलीचं मूळ डच नमुन्यांत आहे असं जुने लेखक मानत, अलीकडे मात्र त्यात गुजराती लाकूडकामाचा हात आणि त्या काळच्या इंग्रज फॅशनचा सरमिसळ प्रभाव पाहण्याकडे कल आहे, आणि कोरीवकाम जवळून पाहिलं की तेच बरोबर वाटतं. या पद्धतीची फूटस्टुलं आकाराला छोटी पण वजनाला भलती जड असतात.

जड असणं ही पहिली खूण, पण पुरेशी नाही. या नोंदीच्या लेखकाने एकदा शिसवी म्हणून घेतलेल्या स्टुलाच्या तळाला स्पिरिटचा बोळा फिरवला तर कापूस काळाकुट्ट आणि खाली पिवळट साग, सगळा काळेपणा पॉलिशचा! विकणाऱ्याने ते कदाचित मनापासून शिसवीच समजून विकलं असेल. तेव्हापासून नियम एकच, वस्तू आधी उलटी करून बघायची.

इराण्याची खुर्ची

मुंबईत सर्वात जास्त मागणी हिला, आणि सर्वात जास्त थापा पण हिच्याच. कोणी म्हणतं व्हिएन्नाची, कोणी पोलंडची, कोणी झेकोस्लोवाकियाची, आणि गंमत म्हणजे तिघेही खरं बोलत असू शकतात. मिखाएल थोनेट (1796–1871) याने बीच लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं तंत्र पक्कं केलं (बीच म्हणजे झाड, चौपाटी नव्हे). 1859 ची 14 नंबरची खुर्ची म्हणजे 6 लाकडी भाग, 10 स्क्रू आणि 2 नट, बस. सुटी करून 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात बसायच्या, म्हणून ती बोटीने जगभर गेली. कंपनी व्हिएन्नाची, पण कारखाने आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात, बीचची जंगलं आणि मजूर जवळ म्हणून, आणि पुढे आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्कोलाही. 1869 ला पेटंटचा हक्क संपल्यावर याकोब आणि योसेफ कोन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी तेच बनवायला लागले. मोराव्हिया 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, नंतर झेकोस्लोवाकियात गेला. म्हणजे सीटच्या कडेच्या आतल्या बाजूला 'झेकोस्लोवाकिया' शिक्का असेल तर खुर्ची 1918 च्या आधीची असूच शकत नाही, मग दुकानदार आजोबांची शपथ का घेईना. पण नुसता 'थोनेट'चा कागद चिकटवलेला दिसला म्हणून खूश होऊ नये, कागद नवा छापता येतो, लाकडात उठवलेला ठसा जास्त भरवशाचा.

इराणी लोक यझ्द, केरमान भागातून 19 व्या शतकाच्या शेवटी आणि 20 व्याच्या सुरुवातीला मोठ्या संख्येने आले. त्यांच्या हॉटेलांपैकी धोबीतलावचं कयानी 1904 चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं. त्यामुळे अशा खुर्च्यांचा काळ साधारण या टप्प्यातला धरतात, पण हॉटेलच्या वयावरून खुर्चीचं वय काढणं धोक्याचं, खुर्च्या तुटतात आणि बदलतात.

तारीख ठरवायला आणखी एक साधा उपाय म्हणजे स्क्रू. अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले, त्याआधी एकच सरळ खाच. खुर्ची 1900 ची आणि सगळे स्क्रू चौफुली खाचेचे, तर एकतर ती नवी आहे नाहीतर कुठल्यातरी मिस्त्रीने पूर्ण उघडून बसवली आहे, आणि दुसरं मुंबईत जास्त घडतं.

आर्ट डेको

आर्ट डेको म्हणजे 1920-30 च्या दशकांतली ठाशीव रेषांची, गोलाईची शैली. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या या शैलीतल्या इमारतींबरोबर गोल हातांच्या, जमिनीला टेकलेल्या बैठ्या खुर्च्या आल्या. 1937 ला टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने आयडियल होम एक्झिबिशन भरवलं, त्यात आधुनिक घर आतून कसं सजवावं ते मांडून दाखवलं होतं.

बाजार

चोर बाजार (मटन स्ट्रीट) आणि जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद, पण त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार लागतो. बाजाराचं मूळ नाव 'शोर बाजार', इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'चोर' झालं असं सांगतात. राणी व्हिक्टोरियाचं व्हायोलिन बोटीवरून चोरीला गेलं आणि इथे सापडलं ही कथा तर सोडूनच द्यावी, कारण राणी भारतात कधी आलीच नाही.

देखभाल

बीच लाकडाला किडा पटकन लागतो. खुर्चीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला की समजायचं, आणि ती खुर्ची घरातल्या सागवानाजवळ ठेवायची नाही. ढेकूण वेताच्या भोकांत राहतात. पॉलिशला जुने मिस्त्री चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारतात, त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, दिसतं सुंदर पण ओला कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नये, हवेतल्या ओलीने पॉलिश दुधाळ होतं. वेताच्या सीटचे दोन प्रकार, एक कडेच्या प्रत्येक भोकातून हाताने विणलेली आणि दुसरी तयार जाळीचा तुकडा खाचेत ठोकून बसवलेली. पहिलीला दिवस लागतात, मुंबईत हे विणकाम बरेच अंध कारागीर करत आले.

कायदा

1972 चा पुरावस्तू कायदा 1976 पासून लागू झाला, त्यानुसार 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. शिसवीची बातच वेगळी, तिची सगळी डालबर्जिया प्रजाती 2017 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणजे वस्तू नवी असली तरी मोठा माल बाहेर पाठवायला कागदपत्रं लागतात. उलट चंदीगडच्या सरकारी ऑफिसांतल्या, आर्किटेक्ट पिएर जानरेच्या सागवानी वेतखुर्च्या शंभरीच्या आतल्या, त्या भंगारात निघाल्या आणि युरोपातल्या लिलावांत चढ्या भावाने गेल्या, मग 2011 ला गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.