मनगटातली नस आधी मृत हातात दिसली

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा आणि शेजारची बोटं बधिर झालेली असतात आणि हात झटकला की जरा बरं वाटतं. कार्पल टनेल सिंड्रोमचं, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस (मज्जातंतू) दबण्याचं, हे दुखणं जुनंच आहे. मनगटाजवळचं हाड मोडल्यावर ही नस, म्हणजे मीडियन नर्व्ह, दबल्याची नोंद इंग्लिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केली होती.

पण या इतिहासातलं खरं वळण मला १९१३ मध्ये दिसतं. फ्रान्सचे मेंदू-मज्जातज्ज्ञ पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात एका रुग्णाचं मनगट उघडलं. मनगटावरच्या आडव्या अस्थिबंधाच्या (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) कोपराकडच्या बाजूला नस गाठीसारखी फुगलेली होती आणि त्याच्याखाली बारीक झालेली. तो पट्टा वेळीच कापला तर अंगठ्याचे स्नायू झडणं टळेल, असं त्यांनी सुचवलं. इतकी नेमकी गोष्ट सापडली, पण ती मृत हातात. जिवंत रुग्णात ती फूग पाहायची सोयच नव्हती.

मग विजेची चाचणी आली. मनगटापाशी मीडियन नर्व्हमधला संदेश रेंगाळतो, हे सिम्प्सन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. नर्व्ह कंडक्शन टेस्टचं महत्त्व आजही तसंच आहे. मात्र नस दबली कशानं, हे ती सांगत नाही. आत गाठ असेल, कंडरांभोवती सूज असेल किंवा नसच जन्मतः दुभंगलेली असेल. सौम्य आजारात तर चाचणी नॉर्मलही येते आणि तक्रार खरी असूनही रुग्ण हात हलवत परततो.

एमआरआयनं १९८० च्या दशकात हा बोगदा आतून दाखवला. १९९१ च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या बुखबेर्गर आणि सहकाऱ्यांनी उच्च क्षमतेच्या सोनोग्राफीत नसेची सूज, तिचं चपटेपण आणि अस्थिबंधाचा फुगवटा टिपला. मारी-फ्वांनी पाहिलेली फूग आता जिवंत हातात दिसू लागली होती. सोनोग्राफीचा प्रोब (त्वचेवर ठेवायचं उपकरण) मनगटाच्या घडीवर आडवा धरला की नस मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसते. बोटं मिटली की शेजारच्या कंडरा सरकतात आणि त्यांच्यातून नस वेगळी ओळखता येते. तिथेच तिचं क्षेत्रफळ मोजतात. ते साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेलं की संशय बळावतो, पण ही सीमारेषा अभ्यासागणिक थोडी सरकते. म्हणून त्याच हाताच्या कोपराखालच्या भागातल्या नसेशी तुलना करण्याची पद्धत मला जास्त पटते. मुळातच जाड नस असलेल्या माणसाला त्यामुळे उगाच आजारी ठरवलं जात नाही.

पुढचं पाऊल डिफ्यूजन टेन्सर इमेजिंगचं, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या एमआरआयचं. ही पद्धत १९९४ मध्ये मेंदूसंशोधनाच्या ओघात पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी मांडली. निरोगी नसेत पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेनं जास्त सहज सरकतात. नस दबली की ही शिस्त ढिली पडते आणि ती मोजणारा आकडा घटतो. आकाराबरोबर तंतूंची अवस्थाही कळू शकते, म्हणून मला या तंत्राकडून मोठी आशा आहे. अडचण एवढीच की नस काही मिलिमीटरचीच आणि तपासणीत हात जरा हलला तरी चित्र बिघडतं. त्यामुळे रोजच्या निदानात अजून सोनोग्राफीच पुढे आहे.