रशियन ट्विस्ट

रशियन ट्विस्ट हा जमिनीवर बसून, हातांत वजन धरून धड डावी-उजवीकडे वळवण्याचा व्यायाम आहे. मेडिसिन बॉल, डंबेल, केटलबेल किंवा बारबेलची प्लेट, यांपैकी काहीही चालते. भर असतो पोटाच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या स्नायूंवर.

गुडघे वाकवून, टाचा टेकवून बसायचे आणि पाठ सरळ ठेवून धड खुब्यातून साधारण 45 अंश मागे कलवायचे. हा कल नसेल तर व्यायामात फारसे काही उरत नाही. ताठ बसून वजन फिरवले तर त्याचा भार कण्याच्या रेषेत सरळ खाली जातो आणि वळण्याला विरोध होत नाही. धड कललेले असताना मात्र बाजूला गेलेले वजन खाली झुकते आणि धडाला आणखी वळवू पाहते. त्याला आवरून मध्यावर परत आणणे हेच खरे काम. उजवीकडून परतताना डावीकडचा आतला आणि उजवीकडचा बाहेरचा तिरका स्नायू मिळून ओढतात. डावीकडून परतताना जोडी बदलते. परतीचा प्रवास म्हणूनच जास्त जड लागतो, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

वळण छातीच्या भागातून यायला हवे. कमरेच्या पाच मणक्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला सोयीचे असतात. पिळ देण्यासाठी त्यांत प्रत्येकी जेमतेम काही अंशांची मोकळीक असते. छातीमागचे बारा मणके बरेच अधिक वळतात. छातीचे हाड आणि वजन एकाच दिशेला राहिले तर वळण बरोबर. छाती समोरच आणि हात तेवढे फिरत असतील तर काम खांदे करत आहेत. वजन जमिनीला टेकवण्याचा हट्ट धरला की पाठ गोल होते, आणि वाकलेल्या स्थितीत भारासह पिळ बसणे मणक्यांमधल्या गाद्यांना सर्वांत त्रासाचे असते.

पाय उचलल्याने व्यायाम अवघड होतो हे खरे, पण खुब्याचे स्नायू लवकर थकून कंबर गोल होऊ लागते. पाठ सरळ राहत नसेल तोवर पाय खालीच बरे. श्वास रोखू नये. सुरुवात वजनाशिवाय करावी; मग 2 ते 4 किलो घेऊन प्रत्येक बाजूला 8 ते 12 संथ आवर्तने पुरतात. झोक्याने मारलेल्या पन्नास फेऱ्यांपेक्षा ती कितीतरी मोलाची. या व्यायामाने कमरेवरची चरबी तेवढी वितळते, हा समज चुकीचा आहे.

गादी सरकलेली असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा गरोदरपण असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. कंबर नाजूक असलेल्यांसाठी पॅलोफ प्रेस अधिक सोयीचा: त्यात केबल किंवा रबरी पट्टा बाजूने ओढत असतो आणि धड न वळू देता हात छातीसमोर सरळ करायचे असतात.